नदीपलीकडचं कलम

ज्या कायद्याखाली मी त्या म्हाताऱ्याला भरबाजारातून उचललं, तो कायदा आपल्या राज्यात नव्हताच. पुढं नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलोही. ही अटक मात्र विसरता येत नाही. मी विसरलोच तर आठवण करून देणारी मंडळी भंडारा जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी नुकताच फौजदार झालो होतो आणि बावनथडी नदीच्या अलीकडचं एक ठाणं माझ्याकडं आलं होतं. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. लोकांच्या सोयरिकी तिकडं, बैल तिकडून, भांडणंही निम्मी तिकडची. आमचा जिल्हाच छप्पन सालापर्यंत तिकडच्या राज्यात होता, त्यामुळं बोलण्यात कोणी सीमा धरत नसे. लोकांनी नाही धरली तर चालतं. फौजदारानं धरायला हवी.

बालाघाटला एका लग्नाला गेलो असताना बसस्टँडवर मी कायद्यांचं एक हिंदी पुस्तक घेतलं. इंग्रजीतला कायदा वाचताना मला झोप यायची, हिंदीतला गोड लागला. पुस्तक मळू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि तेही खळ लावून पक्कं चिकटवलं. त्या कव्हराखाली राज्याचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं होतं. आता बोला!

गावचा बाजार रविवारी भरायचा. भाजीवाल्यांची रांग संपून कापडाची दुकानं सुरू होत, त्या कोपऱ्यावर कंपाउंडर उभा राहायचा. मिशनच्या दवाखान्यात उभा जन्म काढून रिटायर झालेला, सत्तरीला टेकलेला माणूस. सकाळची प्रार्थना आटोपली की सायकलनं बाजारात यायचा, पिशवीतून खंजिरी काढायचा आणि येशूची गाणी दंडारीच्या चालीवर म्हणायचा. दंडार म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं लोकनाट्य. ती चाल कानावर पडली की इथल्या माणसाचा पाय आपोआप थांबतो. गाणं झालं की कंपाउंडर थोडं बोलायचा. लाउडस्पीकर नाही, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं नाही. लोक ऐकत, हसत, वांगी घेऊन घरी जात.

एका रविवारी दुपारी शेठ ठाण्यात आले. कापडाचे व्यापारी, शिवाय धानाची शेती. गावात वजन असलेला माणूस. त्यांच्यामागे आमचा खबऱ्या, पानठेलेवाला.

"साहेब, त्या कंपाउंडरनं माहा सालदार बाटवला," शेठ म्हणाले. "गोळ्या वाटून राहिला तो बाजारात. गरिबाले काय, गोळी भेटली का धर्म सोडला!"

खबऱ्यानं मान डोलावली. "गोळ्या त म्या बी पाह्यलो जी. पांढऱ्या पांढऱ्या."

सालदार म्हणजे सालानं बांधलेला गडी. पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्याला सुटतो. मधे मालकानं शेत सांगितलं तर शेत, दुकान सांगितलं तर दुकान करायचं. शेठचा हा गडी करडी गावाकडचा होता.

मी पुस्तक उघडलं. प्रलोभन दाखवून धर्म बदलायला लावणं, त्याला शिक्षा, सगळं स्वच्छ हिंदीत. नवीन फौजदाराला नवीन कलम सापडलं की लहान पोराला भोवरा मिळाल्यासारखं होतं. मिळाला की फिरवायचाच.

आमचे हवालदार जुने, मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, असा कायदा कधी ऐकला नाही."

"हे काय छापलंय, बघा."

त्यांनी बघितलं. "असंल मंग. पहिले सारं एकच होतं."

एवढ्या कायदेशीर सल्ल्यावर मी गुन्हा नोंदवला.

दोन शिपाई घेऊन, टोपी नीट करून, मी स्वतः बाजारात गेलो. गाणं चालू होतं. चाल इतकी झकास होती की गाणं संपेपर्यंत मी थांबलो, हेही कबूल करतो. मग पुढं होऊन कलम मोठ्यानं, हिंदीत, साऱ्या बाजाराला वाचून दाखवलं. बाजार गप्प झाला. मला वाटलं, छाप पडली.

"म्हणजे मले धरता का जी?" कंपाउंडरनं विचारलं.

"हो."

"मंग थांबा, सायकलले कुलूप लावू द्या. आजकाल पोलिसाचा भरोसा नाही."

लोक हसले. मी पंचनामा सुरू केला. पिशवीत खंजिरी, एक पुस्तक आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली मिळाली. बाटली 'आमिष' म्हणून जप्त केली, लाखेचं सील ठोकलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

ठाण्यात आणून मी त्याच्यासमोर बसलो. आवाज जाड केला.

"किती लोकांना बाटवलंस?"

"बाटवत नाही, सांगतो. आयकणं न आयकणं त्याहीच्या मनावर."

"आणि गोळ्या?"

"खडीसाखर होय ते. घंटाभर ओरडाचं म्हणजे गळा बसते. तुमी बी खाऊन पाहा, तुमचा बी आवाज फाटून राहिला."

सील तोडता येईना, नाहीतर खाल्लीच असती.

मला खरं तर प्रकरण वाढवायचं नव्हतं. मी कागद पुढं सरकवला. "हे बघ, बाजारात पुन्हा उभा राहणार नाही, एवढं लिहून दे आणि जेवायला घरी जा."

कागद त्यानं उचललासुद्धा नाही. "लिवून नाही देत."

"मग लॉकअप आहे."

"असू द्या. तुमी माह्या तोंडाले कुलूप लावलं त तुमची मर्जी, तुमच्यापाशी शिपाई आहेत. पण माह्याच हातानं मी माह्या तोंडाले कुलूप लावू? ते नाही होत साहेब. उद्या विचारा, परवा विचारा, नाहीच होत."

आवाज चढवला नाही. पायातल्या चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि हवालदारांना म्हणाला, "कोणती कोठी होय जी, डावी का उजवी?"

आता मुख्य साक्षीदार, म्हणजे ज्याला बाटवलं तो सालदार. शिपायानं त्याला बोलावून आणलं. तीस-बत्तीसचा, अंगानं दणकट, चेहऱ्यावर झोप.

"तू ख्रिश्चन झालास?"

"नाही जी."

"खरं बोल. कंपाउंडरनं गोळी दिली?"

"मांगतलो होतो, नाही देल्ली. म्हणते, गळा माहा बसते, तुहा नाही."

"मग शेठ म्हणतात ते काय? तुझ्यात बदल झाला की नाही?"

"झाला जी."

मी सरसावून बसलो. जबाब लिहिणाऱ्या रायटरनं पेन उचललं.

"शनिवारी मी मारोतीले तेल चढवतो, पहिल्यासारखाच. रविवारी कामावर नाही जात."

"का?"

"कंपाउंडरबाबा बाजारात सांगत होता, का देवानं सारी दुनिया बनवली अन् मंग एक दिवस सुट्टी घेतली. म्या म्हटलं, देवाले जमते त आपल्याले काहून नाही? त्याले त शेठ बी नव्हता, तरी घेतली."

"आणि रविवारी प्रार्थनेला जातोस?"

"नाही जी. झोपतो."

रायटर पेन खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. शेठचं दुखणं आता माझ्या ध्यानात आलं. बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, कापडाचे गठ्ठे उचलायला गडी नाही. धर्म बुडाल्याचं दुःख नव्हतं ते, रविवार बुडाल्याचं होतं.

पण माझ्या हातात कायदा होता ना! भोवरा फिरत होता. असा गुन्हा आमच्या ठाण्यात पहिलाच, म्हणून नदीपलीकडच्या ठाणेदाराला मी फोन लावला. चोरीच्या बैलांच्या निमित्तानं आमची ओळख होती. मनात थोडी फुशारकीही होती. त्याला विचारलं, "या कायद्यात तपास कसा करता तुम्ही?"

तो म्हणाला, "भाई साहब, ये तो हमारा कानून है. आप कब से चलाने लगे?"

मी फोन ठेवला आणि पुस्तकाचं कव्हर नखानं खरवडून काढलं. हवालदार शेजारी उभे होते. त्यांनी राज्याचं नाव वाचलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, खळ चांगली होती."

आता घाई उलट दिशेनं सुरू झाली. मी स्वतः कोठीचं दार उघडलं. "कंपाउंडरबाबा, चौकशी झाली. जा तुम्ही घरी." 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं, मलाच कळलं नाही.

त्याला मात्र कळलं. तो उठलाच नाही. "काहून सोडता?"

"सोडतोय ना! मग?"

"धरलं तवा साऱ्या बाजाराले आयकू जाईल असं वाचून देल्लं. सोडता तवा कानात सांगता? बाजारात धरलं, त बाजारात सोडा. नाही त कोर्टात न्या. चोवीस तास व्हायचे आहेत अजून."

बाजार तर उठून गेला होता. मी समजावलं, चहा पाजला, हवालदारांनी हात जोडले. त्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली, तर तीही कोठीत डोकावून एवढंच म्हणाली, "येऊ नका घरी असेच. लोक म्हणतील, माफी मागून सुटला." सुटका करून घ्यायला नकार देणारा आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता आणि पुढंही पाहिला नाही.

सोमवारी त्याला न्यायाधीशांपुढं उभं केलं. मुद्देमालाच्या बाटलीला सील असूनही मुंग्यांची रांग लागली होती; बाटलीत काय आहे ते माझ्यापेक्षा मुंग्यांना जास्त कळत होतं. न्यायाधीशांनी कागद वाचले, चष्मा काढला.

"फौजदार, हा कायदा इथं कोणी आणला?"

"साहेब... एसटीनं."

तोंडातून निघून गेलं. कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. मला काय सुनावलं ते इथं लिहीत नाही, थोडी इज्जत शिल्लक ठेवतो. कंपाउंडरला त्यांनी तिथल्या तिथं सोडलं. तो मात्र जागचा हलला नाही.

"अन् येत्या रविवारी, साहेब? उभा राहू का नको?"

"गुन्हा केला तर हे धरतील. नाही केला तर धरणार नाहीत. बोलणं हा गुन्हा नाही."

मग तो गेला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. शेठनी गावात सांगून टाकलं, रविवारी माणसं घेऊन उभा राहतो, बघतो कसा गातो ते. खबर वरपर्यंत गेली. वरच्या साहेबांचा फोन आला. "त्या म्हाताऱ्याला सांगा, येऊ नको. नाही ऐकलं तर मनाई हुकूम घ्या. कशाला डोकेदुखी?"

पोलिसाची ही जुनी खोड आहे. दहा जण एकावर धावून येणार असले, तर आम्ही त्या एकाला हलवतो आणि डायरीत लिहितो, शांतता आहे. एकाला हलवणं सोपं असतं, एवढंच त्यातलं खरं. मी तेच केलं असतं. पण त्या म्हाताऱ्यानं कागद न उचलता चपला जोडून ठेवल्या होत्या, ते डोळ्यांपुढून जाईना.

मी म्हणालो, "साहेब, तो आधीपासून तिथं उभा राहतो. गोंधळ दुसरे घालणार. थांबवायचं तर त्यांना थांबवू."

"आता तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार?"

टोला बरोबर जागी बसला. तरी मी म्हणालो, "हो साहेब. या वेळी आपल्याच राज्याचा आहे."

शेठना कलम एकशे एकोणपन्नासची नोटीस बजावली, गोंधळ झाला तर जबाबदार तुम्ही. द्यायच्या आधी कलम तीनदा वाचलं. पुस्तक उघडं, कव्हर नाही.

रविवारी बाजार दुप्पट भरला. अर्धे लोक तमाशा बघायला आलेले. कोपऱ्यावर कंपाउंडर, त्याच्यासमोर शेठ आणि त्यांची माणसं, मधे मी आणि चार शिपाई. गाण्याच्या आधी कंपाउंडर माझ्याकडं बघत थांबला. मी ओळखलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मागच्या रविवारी यांना धरलं, ती पोलिसांची चूक होती. यांचा काही गुन्हा नाही." या वेळी मराठीत म्हणालो.

खंजिरी वाजली. शेठची माणसं ओरडायला लागली, पण त्यांच्यातलेच दोघे दंडारीत नाचणारे. ओरडताना त्यांचे पाय ठेका धरू लागले. तेवढ्यात दुकानावर बायांनी हाका सुरू केल्या, "शेठ, लुगडे दाखवता का जाऊ?" गठ्ठे उतरवायला गडी नाही. शेठनी एकदा कंपाउंडरकडं, एकदा गिऱ्हाइकाकडं बघितलं आणि ते दुकानात गेले. शेठ गेल्यावर त्यांच्या माणसांना कोणासाठी ओरडायचं तेच कळेना.

कंपाउंडर गायला, बोलला, खडीसाखर तोंडात टाकून पुन्हा गायला. पुढंही कित्येक वर्षं, मी बदलून गेल्यावरही, त्याच कोपऱ्यावर. मी त्या उन्हात घाम पुसत शेवटपर्यंत उभा होतो. जवळच एका बैलगाडीच्या जुवावर शेठचा सालदार फुटाणे खात आरामात बसला होता. त्यानं मला खालीवर न्याहाळलं.

"साहेब, आज रविवार आहे. तुमाले सुट्टी नाही का?"

"पोलिसाला कसली सुट्टी?"

त्यानं दोन फुटाणे तोंडात टाकले. "मंग तुमच्यापेक्षा मीच बरा जी. माहं साल पाडव्याले तरी सुटते."