आत्याची फुगडी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि मला पदवीधर केले ते माझ्या आत्याने. मला गुरांमागे धाडायला निघालेल्या वडिलांशी तिने पंधरा दिवस अबोला धरला, तेव्हा मी शाळेत बसलो.

गौरीच्या दिवशी फुगडीत तिला कोणी हरवत नसे. मी बी.ए. झालो त्या वर्षापासून ती जाईनाशी झाली. भाचा शिकला म्हणून बाई ताठली, असे आमच्या मुळशीतल्या बायका म्हणू लागल्या. मलाही तसेच वाटले, आणि खरे सांगायचे तर मनातून थोडे बरेही वाटले.

शेवटी मी विचारलेच. तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "ताठू कशानं? उडी मारली, शिंकलं, हसलं की लुगडं भिजतंय. लई दिस झालं."

यावर ऑपरेशन असते असे मी पुण्यात विचारून आलो आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड उभे करून खोकायला लावले. मी बाहेर. आत्या खोकली, पुन्हा खोकली, मग बराच वेळ खोकत राहिली. काही झाले नाही. बाई म्हणाल्या, आजारच दिसत नाही तर ऑपरेशन कशाचे करू? आत्याचा चेहरा उतरला.

मग उलगडा झाला. एस.टी.ने जायचे तर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम. शिवाय दवाखान्यात शिरण्याआधी ती मागच्या बाजूला जाऊनही आली होती. बाईंनी पाणी प्यायला सांगितले. आत्याने तोंड घट्ट मिटले. मी पदवीचा सगळा अधिकार वापरून समजावले.

"लुगडं येकच आणलंय," ती म्हणाली, "आन तू म्हणतुयास पी."

बाईंनी दवाखान्यातले पातळ आणून तिच्या हातात ठेवले, तेव्हा कुठे तिने तीन तांबे रिचवले. तासाभराने पुन्हा पडदा. तपासणी सुरू झाली का, असे मी बाहेरून बाईंना इंग्रजीत विचारले. माझे इंग्रजी आत्याने पहिल्यांदाच ऐकले. ती जी हसत सुटली, की खोकायची वेळच आली नाही.

"दिसलं," आतून बाई म्हणाल्या. "करू ऑपरेशन."

तिच्याच पोटाच्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती लघवीच्या नळीखालून झोळीसारखी बांधायची, असे बाईंनी समजावले.

"म्हंजी घरचीच सुतळी," आत्या म्हणाली आणि निर्धास्त झाली.

ऑपरेशन नीट झाले. ती गावी गेली, मी नोकरीला पुण्यात राहिलो. भाद्रपद जवळ आला तसा तिचा निरोप आला: फुगडी खेळू का, बाईंना विचार. तिला आलेली पत्रे पोस्टमनकाका ओट्यावर, चारचौघांत वाचून दाखवत. मी लिहिले:

"तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. पोस्टमनकाका, पुढचे कृपया हळू वाचावे. आत्ये, बाईंना विचारले. यंदा फुगडी नको म्हणाल्या, पण गौरीला जा, बायकांत बस आणि पोटभर हस. पुढच्या वर्षी खुशाल खेळ. काका, आता मोठ्याने वाचा. ही बाई कधीच ताठली नव्हती. भाचा तेवढा थोडा ताठला होता. मी आज जो आहे तो हिच्यामुळे."