मावसाजींच्या राजाची उडी

एकच हार उभा जन्म जिवापाड सांभाळणारा माणूस आमच्या मावसाजींशिवाय मी दुसरा पाहिला नाही. कॉलेजसाठी मी अमरावतीला त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्या हारीला काही वर्षे उलटून गेली होती आणि तरीही घरात तिची बडदास्त जावयासारखी चालू होती.

झाले होते असे. अकोल्याला बुद्धिबळाचे सामने भरले, ते नव्या, परदेशी नियमांचे. मावसाजींचा हात बसलेला आपल्या देशी खेळावर, ज्यात शह लागला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. नवे नियम त्यांनी तोंडपाठ केले होते. समोर होते जुन्या शहरातले, धान्याच्या अडतीवरचे एक दिवाणजी. डाव जिंकल्यात जमा होता. त्या आनंदात मावसाजींनी राजा उचलला आणि ऐटीत अडीच घरे उडवला. पंच म्हणाले, ही चाल इथे चालत नाही, पण हात लावलात, आता राजाच हलवा. राजा हलला तो थेट उघड्यावर, आणि मावसाजी हरले.

उडी मारली नसती तर काय झाले असते, हे शोधण्यात त्यांचे पुढचे आयुष्य गेले. जेवताना भाकरीचा तुकडा राजा व्हायचा आणि लसणाच्या पाकळ्या प्यादी. "तो राजा खाऊन घ्या आधी, भाजी थंडी होऊन राहिली," असे मावशी म्हणायची. एकदा दवाखान्यात काळ्यापांढऱ्या फरश्या दिसल्या, तर तापाने फणफणलेल्या एका गृहस्थांना त्यांनी वजीर म्हणून कोपऱ्यात उभे केले, आणि तेही बिचारे नंबर लागेपर्यंत उभे राहिले. मला रोज संध्याकाळी दिवाणजी व्हावे लागे. मी चुकून वेगळी चाल केली की ते रागावत, "दिवानजी असे नाही खेळत." दिवाणजींना ते आयुष्यात एकदाच भेटले होते! मी हसायचो खरा, पण त्यांना काय सलते ते मला कळत होते. आपण खरोखर जिंकत होतो का, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो अकोल्यात होता.

शेवटी मावशीनेच डबा बांधून आम्हा दोघांना घराबाहेर काढले. बडनेऱ्याहून पॅसेंजर, मग अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या गल्ल्या. दिवाणजींनी दार उघडले, मावसाजींकडे क्षणभर पाहिले आणि काही न विचारता पट मांडायला घेतला. उडीच्या आधीचा तोच डाव. एकही मोहरे चुकले नाही.

"त्या डावाले मी जिंकलो म्हनतच नाही," ते म्हणाले. "मारा तुमची उडी. माह्या घरात आपलेच नियम."

मावसाजींनी राजा उचलला. बराच वेळ तो हातात धरून बसले आणि मग होता तिथेच ठेवून दिला.

"राहू द्या दिवानजी," ते म्हणाले. "आज निकाल लागला, तं घरी जाऊन मी काय करू?"

दिवाणजींनाही हायसे वाटलेले दिसले. त्यांनी आत चहा सांगितला.

आता दोघेही नाहीत. मावसाजींचा पट माझ्याकडे आहे, आणि कधी करमेनासे झाले की मी तोच डाव मांडतो. दोन्ही बाजू मला पाठ आहेत. मुद्दाम दिवाणजींची एखादी भलतीच चाल करतो आणि थोडा वेळ थांबतो. रागवायला कोणी नसते.