लाल बटण

शेजारच्यांच्या ग्रिलला आज रंग देतायत. थिनरचा वास कोपरीतल्या आमच्या घरात शिरला आणि मी कोलशेतच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो.

तिथे आम्ही रंगाचे डबे भरायचो. एका दसऱ्याला, यंत्रांची पूजा झाल्यावर, जुन्या साहेबांनी डबे भरायची लाइन बंद करायच्या लाल बटणाला भोईरच्या हातून हळदकुंकू लावून घेतलं. भोईर मशीनवरचा जुना कामगार. साहेब त्याला म्हणाले, "हे आता तुमचं. काही चुकतंय वाटलं की दाबा, कोणाला विचारू नका." मी तिथला सुपरवायझर. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे साहेब बदलले. एका सकाळी डब्यांची झाकणं नीट बसेनात, म्हणून भोईरने बटण दाबलं. नवे साहेब केबिनमधून खाली आले.

"कोणाला विचारून बंद केली?"

भोईरने माझ्याकडे पाहिलं. झाकणं मीही पाहिली होती. मी हातातल्या फाइलीत बघत राहिलो.

"चुकलं, साहेब," भोईर म्हणाला. लाइन सुरू झाली. प्रकरण वाढलं नाही, एवढंच तेव्हा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी उकाडा होता. भोईर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "साहेब, पंखा लावू का?"

इतकी वर्षं आम्ही जेवणाच्या एकाच डब्यातून जेवलेलो. तोवर तो मला नावानेच हाक मारायचा.

मी म्हणालो, "लाव."

रिटायर होईपर्यंत तो रोज विचारायचा आणि मी रोज "लाव" म्हणायचो.