पाच मुलं आणि दोन पाहुणे

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत दुपारी एक ते तीन या वेळात कावळासुद्धा दबक्या आवाजात ओरडतो आणि ही शिस्त त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी लावली आहे, असं माझं ठाम मत आहे. मावशींचं घरातच पाळणाघर आहे. बेलची वायर त्यांनी केव्हाच काढून टाकली. कुरियरवाला त्यांच्या दारावर नखाने टकटक करतो आणि शेजारचे लोक कुकरची शिट्टी एकच्या आत उरकून घेतात. एकदा रजेच्या दिवशी मी मुलीला लवकर आणायला गेलो, तर मावशींनी ओठांवर बोट ठेवून मला चटईवर बसवलं. ओढलेले पडदे, सावकाश फिरणारा पंखा, खोबरेल तेलाचा आणि मऊ भाताचा वास, श्वासाबरोबर वरखाली होणारी सात पोटं. मला जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि माझी मुलगी माझ्या अंगावर पांघरूण घालत होती.

त्यांच्याकडे प्रवेशाची अट एकच होती, आईने वापरलेलं कापड, न धुतलेलं. नया नगरच्या एका आईने इस्त्रीचा दुपट्टा आणला, तो त्यांनी परत केला. "चार दिवस हा घेऊन स्वयंपाक कर, मग आण." माझ्या बायकोने स्वतःची निळी ओढणी दिली होती. अंधाऱ्या खोलीत मावशी प्रत्येक कापड नाकाशी धरून ज्याच्या त्याच्या उशाशी ठेवत. त्यात त्यांची कधीच चूक झाली नाही.

आणि मग कोणाच्या तरी तक्रारीवरून कमिटीची नोटीस आली. राहत्या घरात धंदा चालणार नाही. माझी बायको त्या रात्री जेवलीच नाही. "पाळणाघर बंद झालं तर नोकरी मलाच सोडावी लागणार, तुला नाही," ती म्हणाली. मावशी मात्र सोसायटीच्या नियमांचं पुस्तक घेऊन बसल्या. वेगळा वेळ कुठला मिळणार, म्हणून दुपारी मुलांना थोपटताना तेच मोठ्याने वाचू लागल्या. तिसऱ्या नियमाला सगळी पोरं गाढ झोपत. असं करत करत त्यांनी अख्खं पुस्तक संपवलं.

सभेत परवानगी मिळाली, पण पाचच मुलांची. मावशी उभ्या राहिल्या. "माझ्याकडे सात आहेत. कुठली दोन काढू, बोट दाखवा." कोणी बोट दाखवलं नाही. सेक्रेटरी फाईलकडे बघत पुटपुटले, "मावशी, पाच मतलब पाच."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "पण पाहुणे किती यावेत, याचा नियम तुमच्या पुस्तकात नाही. मी दोनदा वाचलंय."

तेव्हापासून रोज पाच मुलं आणि दोन पाहुणे. पाहुण्यांची पाळी ठरलेली. त्या दिवशी त्यांना खुर्ची, कोकम सरबत आणि "या, बसा" असा मान. सकाळी सेक्रेटरी गेटवर विचारत, "आज मेहमान कौन?" माझी मुलगी छाती पुढे काढून हात वर करायची आणि ते रजिस्टरमध्ये गंभीरपणे तिचं नाव लिहायचे. मुलगी पुढे झाली की ते हळूच हसत, हे मी पाहिलंय.

या जूनमध्ये मुलगी शाळेत जाऊ लागली. निरोप घ्यायला गेलो, तर मावशींनी ओढणीची घडी माझ्या हातात ठेवली. "धुवू नका. तिला आता लागायची नाही, तुम्हाला लागेल." मला वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी उगाच चप्पल शोधत राहिलो.

घरी बायकोने ओढणी नाकाशी धरली. "माझा वास कुठेच नाही रे," ती म्हणाली, "सगळा मावशींचाच येतोय." मग ती ओढणी उशाशी घेऊन आडवी झाली. दुपारचे दोन वाजले होते. मी उठून आमच्या बेलचं बटण बंद केलं.