आंघोळीआधीची आंघोळ

गरम पाण्याच्या टबाचा पहिला नियम असा आहे, की त्यात उतरण्याआधी स्वच्छ आंघोळ करायची. टबासोबत आलेल्या माहितीपत्रकातला हा नियम मी घरात मोठ्याने वाचला, तेव्हा सासरे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी जन्मभर शेती केली. वेडेपणा कानावर आला की ते लगेच हसत नाहीत, पुन्हा एकदा ऐकून खात्री करून घेतात. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, आंघोळ करूनच जायचं, तर तिथे जाऊन करायचं काय?

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. असले प्रश्न मला रोज येतात आणि रोज माझं डोकं फिरतं. सासऱ्यांसमोर ते फिरू देता येत नाही म्हणून मी माहितीपत्रकाची घडी केली.

टब नवऱ्याने आणला होता. चिखलदऱ्याला त्याच्या एका मित्राचं छोटं हॉटेल होतं. पर्यटकांसाठी म्हणून मित्राने हा टब बसवला. पर्यटक यायचे, धुकं बघायचे, भजी खायचे आणि निघून जायचे. टबात कोणी बसेना. शेवटी हॉटेलच बंद झालं. त्याच सुमाराला सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्यात बसून व्यायाम करा असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं, आणि नवऱ्याला यात दैवी योग दिसला. राजापेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत टेम्पो उभा राहिला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही पाण्याची टाकी आणली. ज्या गावात मे महिन्यात नळाखाली हात धरवत नाही, तिथे पाणी तापवायचं यंत्र आणणारं आमचंच पहिलं घर असावं. मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली, जिथे स्कूटी उभी राहायची तिथे टब बसला. स्कूटी उन्हात गेली.

टब आला आणि सासूबाई गप्प झाल्या. त्याचं कारण समजायला मला रसायनशास्त्र लागलं नाही. शेत बटाईने, पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, देऊन दोघं आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं. स्वयंपाकघर माझं आहे आणि माझ्या ओट्यावर दुसऱ्या कोणी लुडबुड केलेली मला खपत नाही, हे मी लपवून ठेवलेलं नाही. सासूबाईंचं एकच काम शिल्लक होतं. ओवा आणि लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल घेऊन त्या रोज सकाळी सासऱ्यांच्या गुडघ्यांना, पिंढऱ्यांना आणि पाठीला चोळत बसायच्या. तेवढा वेळ दोघं बोलायची. गावात कोण गेलं, कोणाच्या पोराचं लग्न मोडलं, बटाईवाल्याने यंदा तूर किती पेरली. बाकी दिवसभर ती एकमेकांशी फारसं बोलत नसत. आता गुडघ्यांची जबाबदारी टबाने घेतली, तर या घरात त्या पाहुण्याच उरणार होत्या.

पण सुरुवातीला त्यांना कोणी थांबवलं नाही. त्या तेल चोळायच्या आणि सासरे तसेच चकाकत टबात उतरायचे. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पंप सुरू केल्यावर पाण्यावर फेस आला. सासऱ्यांना तो आवडला. दूध काढताना बादलीत येतो तसा, म्हणाले. आठवडाभरात पाणी गढूळ झालं, टबाच्या कडेला बोटभर चिकट पट्टा धरला, आणि झाकण उघडलं की फोडणीचा वास सुटू लागला. भिंतीपलीकडची शेजारीण विचारायची, आज भाजी कशाची? मी टबाची गाळणी उघडली. तिच्या घड्यांमध्ये तेल होतं, मळ होता आणि ओव्याचे चार दाणे होते.

मी सासूबाईंना पाटावर बसवून समजावलं. क्लोरीन आपण टाकतो ते जंतू मारायला. पाण्यात तेल असलं की ते आधी तेलाच्या मागे लागतं आणि तिथेच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. वर पाणी गरम, म्हणजे जंतूंना हिवाळ्यात गोधडी पांघरून दिल्यासारखं. म्हाताऱ्या माणसाला अशा पाण्यात बसवलं तर गुडघे राहतील बाजूला, अंगावर पुरळ उठेल, छातीत काही झालं तर दवाखाना गाठावा लागेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तेल म्हणजे काही घाण नाही. मी म्हटलं, पाण्यात गेलं की घाणच. हे वाक्य मी वर्गात बोलते तशा आवाजात म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या टबात तुरटी फिरवताना सापडल्या.

सासऱ्यांना या वादात पडायचं नव्हतं, पण बायकोची बाजू घ्यायची होती. त्यांच्याकडे गावच्या विहिरीत टाकायची लाल दवा होती, पोटॅशियम परमँगनेटची जुनी बाटली. विहिरीच्या अंदाजाने त्यांनी ती टबात ओतली आणि आत बसले. पाणी आधी सुंदर गुलाबी झालं. मी कॉलेजातून आले तोवर ते चहासारखं झालं होतं, आणि छातीपासून खाली सासरेही. तो रंग साबणाने जात नाही. पुढचे कितीतरी दिवस ते गल्लीत फिरताना धोतराखालून तपकिरी पाय दिसायचे आणि लोक काळजीने विचारायचे. सासरे सांगायचे, सून प्रोफेसर आहे, तिचा प्रयोग चालू आहे.

मी सगळं पाणी काढलं, टब घासला, गाळणी बदलली आणि झाकणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. घरात जाहीर केलं, की आजपासून तेल बंद. टब आणल्यापासून नवऱ्याने टबाबद्दल काही म्हणणं सोडलंच होतं.

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. त्यांनी तेलाची वाटी धुऊन पालथी ठेवली. काही दिवस त्या टबाशेजारी पाटावर नुसत्याच बसल्या, हात मांडीवर ठेवून. पाण्याच्या पंपाच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नव्हतं, त्यामुळे बोलणंही बंद झालं. मग एका सकाळी पिशवी भरली आणि अकोल्याला लेकीकडे जाते म्हणाल्या. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मला खूप राग आला, आणि त्या रागाच्या खाली मला वाईटही वाटत होतं.

पाणी मात्र सुधारलं. तपासायची कागदी पट्टी बुडवली की सगळे रंग जिथल्या तिथे येत. तळाचा स्क्रू वरून दिसायचा. मी नवऱ्याला बोलावून दाखवला. तो वाकून म्हणाला, हो, दिसतो.

सासरे रोज बादलीभर पाण्याने कशीबशी आंघोळ उरकून टबात बसायचे, सांगितलेले व्यायाम करायचे आणि बाहेर यायचे. महिनाभर असं चाललं. गुडघे होते तसेच होते. एक दिवस ते व्यायाम न करता नुसतेच बसून राहिले. मला कॉलेजला उशीर होत होता. मी विचारलं, पाणी कमी गरम आहे का?

"पानी गरम हाये, साफ हाये. तुहं काई चुकलं नाई," ते म्हणाले. "पन ते इचारत नाई, कुठं दुखते म्हून."

तक्रार नव्हती ती. आज ढग आलेत असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी त्यांना हात देऊन बाहेर काढलं, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि कॉलेजात जाऊन फार वाईट शिकवलं. रविवारी मी अकोल्याची एसटी धरली.

अकोल्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. नणंदेच्या घरात पॅसेजभर ड्रम, त्यांच्यावर पातेली, पातेल्यांवर तांबे, सगळं भरलेलं. आडवं होऊनच आत जावं लागलं. नणंदेने दारातच हळू आवाजात सांगितलं, की आई घरातल्या प्रत्येकाला तेल लावायला मागते. नात दहावीत आहे, ती वासाला नाक मुरडते. जावई हल्ली फार लवकर ऑफिसला जातात.

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी बसमध्ये सगळं बोलणं तयार केलं होतं, तरी पहिलं वाक्य हेच निघालं, की पाण्याच्या बाबतीत माझंच खरं होतं. आजही मला तसंच वाटतं. त्यांनी मान हलवली. मग मी मुद्द्यावर आले. तेल हवं तितकं चोळा. त्यानंतर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावून ते सगळं उतरवायचं, मग गरम पाण्याच्या दोन बादल्या, आणि मग टब. पण बाबांचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही, वाकता येत नाही. आंघोळ तुम्हालाच घालावी लागेल.

त्या खाली बघू लागल्या. गुडघ्याला तेल लावणं वेगळं आणि नवऱ्याला अंगणात बसवून आंघोळ घालणं वेगळं. घरात सून वावरते. मी म्हटलं, तेवढा वेळ मी मागच्या अंगणात पाऊल टाकणार नाही, भाजी निवडत बसेन.

"पानी त्याईले पायजे, अन् तेलबी पायजे," त्या म्हणाल्या. "पन तरी तेल उतरलं पान्यात तं?"

"पाणी बदलीन."

"एवढं पानी फेकशीन?"

बाहेर सगळा पॅसेज ड्रमांनी अडवलेला होता. तिथे बसून हे कबूल करणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, मग झाडांना घालीन. पण बदलीन, लागेल तेव्हा बदलीन.

त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. रोज गाळणी धुऊन आणि औषधं हाताळून माझी बोटं पेरापेरांवर फाटली होती. खडू धरला की झोंबायचं. हातमोजे घालते असं मी सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. लसणाचा वास खोलीभर झाला. मी म्हटलं नको, साडी चांगली आहे, परत बसमध्ये बसायचं आहे. त्यांनी माझा उजवा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक पेर दाबत त्या पुढे सरकत होत्या, आणि जिथे फाटलं होतं तिथे मी सांगायच्या आधी त्यांचा हात हलका होत होता. माझ्या हाताला कोणी तेल लावून किती वर्षं झाली, ते मला आठवेना. मला रडू आलं आणि मी रडले. त्यांनी वर बघितलं नाही, करंगळीपर्यंत गेल्या, मग तळव्याला आल्या.

"आपली गाडी किती वाजताची हाये?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाचची.

"मंग वेळ हाये," त्या म्हणाल्या. "दुसरा हात दे."