उस्तादांची सही

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याच्या फलाटावर एक माणूस माझ्याशेजारी बसला होता. दाढी पिकलेली, तरी निघाला होता उत्तरेतल्या मोठ्या मदरशात शिकायला. रुमालाला हात पुसून त्यानं पत्र्याच्या नळीतून सनद काढली. लोणारच्या उस्तादांकडे तो सहा वर्षं शिकला, असं त्यांनी मरणाआधी लिहून दिलं होतं. मदरशातल्यांनी ती मानली तर वरचा वर्ग, नाहीतर पहिल्या किताबापासून सुरुवात.

"या वयात पयल्यापासून?" मी विचारलं.

"वर्षाईचं काई नाही, भाऊ. पन हे मानलं नाही, तं माह्या उस्तादाईनं मले काईच शिकवलं नाही, असं होईन."

गाडी आली. सहीवरून अंगठा फिरवून त्यानं कागद गुंडाळला.

मलाही एक गुरुजी होते. त्यांच्या हातचं एक अक्षरही माझ्याजवळ नाही.