हा लय पितो

नाशिक–सटाणा गाडीवर मी कंडक्टर. आठ वर्षं ड्रायव्हर एकच, सटाण्याकडचा. जेवायचो तेही एकाच डब्यात. गेल्या वर्षी मला तहान लागायला लागली. साधी नव्हे, जीभ टाळूला चिकटणारी. चांदवड येईपर्यंत तीन बाटल्या रिकाम्या, आणि दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून मी बाभळीमागे. प्रवासी खवळायचे, "मास्तर, लग्न गाठायचंय हो!" साखर तपासली, ती ठीक निघाली. ड्रायव्हरला हे सगळं माहीत होतं. चांदवडच्या स्टँडवर माझ्या बाटल्या तोच भरून आणायचा.

मग उशिराची तक्रार गेली. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. उशीर कुणामुळे होतो, असं विचारल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, हा लय पितो."

साहेबांनी समजायचं ते समजून घेतलं. मी "पाणी, साहेब, पाणी" म्हणत राहिलो, तर कारकून हसले. मशीनमध्ये फुंकायला लावलं, काही आलं नाही. "आज घेतली नसेल," साहेब म्हणाले. डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत गाडी बंद. आठ वर्षांच्या सोबत्यानं 'पाणी' एवढा एक शब्द म्हटला असता तर भागलं असतं. तो टोपी झटकत उभा राहिला.

नाशिकच्या डॉक्टरांनी मला सकाळपासून पाण्याविना बसवून ठेवलं. तासातासाला वजन आणि लघवी. आत थेंब नाही, तरी बाहेर धार चालूच. रक्ताच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी समजावलं, "एक हार्मोन मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. तुमच्या शरीरानं त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार केल्यात. आपल्याच माणसाला परका समजलंय ते."

मला शरीराचा राग आला नाही. त्याचा निदान गैरसमज तरी झाला होता. ड्रायव्हरचा झाला नव्हता.

गोळ्यांनी तहान आटोक्यात आली. दाखला दिला, पुन्हा तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर. पहिल्याच दिवशी चहा पुढे करत म्हणतो कसा, "खोटं कुठं बोल्लो मी? पीतच व्हता ना तू!" मी चहा घेतला नाही.

आता डबे वेगळे आहेत. गाडी सुटायच्या आधी मी बाटलीचं झाकण काढतो आणि ती त्याच्या नाकाखाली धरतो. "हुंग, आणि सांग काय आहे."

रोज तो खाली बघत म्हणतो, "पाणी."